पॉल केरेस : जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर

बुद्धिबळ मी शिकलो ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, संपाच्या मांडवात. पॉल केरेस हे नावही प्रथम तेथेच एका जुन्या पुस्तकात वाचले. आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

केरेसचा जन्म ७ जानेवारी १९१६ चा, नार्वा येथला. तो वाढला पार्नू या समुद्रकाठच्या लहान गावी. तेथे तोडीचा खेळाडू मिळेना, म्हणून या पोराने टपालाने डाव मांडले; एका वेळी दीडशे डाव चालू असत! पुस्तके दुर्मीळ, तेव्हा सुमारे हजार डाव त्याने स्वहस्ते वहीत उतरवले. शाळा अर्धवट सुटलेल्या माझ्यासारख्याला त्या वहीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

१९३८ साली हॉलंडमध्ये आव्रो स्पर्धा झाली. अलेखाइन, कापाब्लांका, बोटविनिक असे आठ रथी जमले होते. बावीस वर्षांचा केरेस फाइनबरोबर पहिला आला. आता त्याने जगज्जेत्या अलेखाइनला आव्हान द्यावयाचे, तोच महायुद्ध पेटले. १९४० मध्ये एस्टोनिया सोव्हिएत संघात गेला, १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यात, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत सत्तेखाली. जर्मन अमदानीत केरेस त्यांच्या स्पर्धांत खेळला होता. नव्या राज्यात ही गोष्ट साधी नव्हती. त्याची चौकशी झाली.

अलेखाइन १९४६ मध्ये वारला. रिकाम्या गादीसाठी १९४८ साली हेग व मॉस्को येथे पाच जणांची स्पर्धा झाली. तीत केरेस बोटविनिकशी पहिले चारही डाव हरला. पाचवा जिंकला, पण तोवर निकाल लागून गेला होता. त्याला हरण्याचा हुकूम होता काय? यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे; लेखी पुरावा सापडलेला नाही. बोटविनिकला १४ गुण, दुसऱ्या स्मिस्लॉवला ११. तेव्हा विजय त्याचाच होता, हे मी मानतो. पण वाटाघाटीच्या खोल्यांत माझी उमर गेली. तेथे हुकूम कागदावर क्वचितच असतो. साहेब खिडकीबाहेर पाहत बसतो, आणि घरी चार तोंडे असलेला माणूस आपणहून सही करतो. केरेसचा हात पटावर कापला असेल, तर त्यासाठी हुकूम कशाला हवा?

पुढे आव्हानवीर निवडण्याच्या स्पर्धांत १९५३, १९५६, १९५९, १९६२ असा चार वेळा तो दुसऱ्या स्थानी राहिला. पहिल्या खेपेस ते स्थान इतर दोघांसह वाटून. १९६२ मध्ये क्युरासाव येथे पेट्रोशियन अवघ्या अर्ध्या गुणाने पुढे गेला. शेवटून दुसऱ्या फेरीत केरेस बेन्कोकडून हरला होता, आणि त्याच बेन्कोला त्याने पूर्वी अनेकदा लोळवले होते. जगज्जेतेपदाचा सामना त्याच्या वाट्याला कधीच आला नाही. मात्र कापाब्लांकापासून फिशरपर्यंतच्या नऊ जगज्जेत्यांना त्याने एकेकदा तरी हरवले.

१९७५ मध्ये व्हँकुव्हरची स्पर्धा जिंकून परतताना, ५ जूनला हेलसिंकी येथे हृदयविकाराने तो गेला. टालिनमध्ये अंत्ययात्रेला लाखावर माणसे लोटली. पुढे स्वतंत्र एस्टोनियाने पाच क्रूनच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. २०११ साली युरो येईपर्यंत ती नोट भाजी-भाकरीच्या व्यवहारात फिरत होती.