गाडी उलटी करून पाहा

प्रतिकृतींचा छंद असलेला माणूस गाडी हातात घेतो तेव्हा आधी रंग बघतो, मग काचा, दारं, चाकं आणि शेवटी खोका शाबूत आहे का ते. मीही बरीच वर्षं तसंच बघत होतो. पोटापाण्याचं काम मात्र भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय बनवायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका रंग उडालेल्या गाडीनं छंद आणि काम यांची गाठ घालून दिली. तिच्या तळावर 'निकी टॉइज' आणि 'मेड इन इंडिया' अशी अक्षरं होती आणि शेजारी आधीचं काहीतरी खोडल्याच्या खुणा होत्या. धंद्यातल्या माणसाला एवढं पुरे. कुणीतरी तयार साच्यातलं जुनं नाव काढून नवं घातलं होतं. तेव्हापासून गाडी देखणी आहे का यापेक्षा ती कुठल्या डायमधून निघाली आणि ती डाय कुठून कुठे गेली, याचा मला नाद लागला.

निकीच्या डायचं माहेर लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर. तिथं फ्रँक हॉर्न्बी यांचा मेकॅनोचा कारखाना होता. खेळण्यातल्या आगगाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला त्यांनी 1933 च्या अखेरीस छोट्या मोटारी काढल्या आणि 1934 मध्ये त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं. आज संग्राहक 1:43 हे प्रमाण मानतात, त्याचं मूळही या आगगाड्यांत आहे. 'ओ गेज' रेल्वेत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरतात, म्हणजे साधारण 1:43.5. छोट्या मोटारींचं माप रुळांनी ठरवलं.

सुरुवातीला या गाड्या शिशाच्या होत्या. मग मॅझॅक आलं: जस्तात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, दाबाखाली बारीकसारीक कोपऱ्यांत शिरतो आणि काही सेकंदांत गोठतो. पोलादी डायला त्याचा फारसा ताप होत नाही, म्हणून नीट सांभाळलेली डाय लाखो नग देते. खेळण्याची फॅशन जाते, कंपनी बुडते, तरी डाय कामाची राहते. या धंद्याचा इतिहास समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

मॅझॅकची एक अट असते. जस्त निर्भेळ हवं. शिशाचा किंचित अंश मिसळला तरी काही वर्षांनी धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज शिरतो, गाडी फुगते, तडकते आणि तिचा भुगा होतो. युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी अशाच संपल्या. तडकलेली गाडी लोक टाकून देतात. मला तिच्यात भट्टीवरचा एक दिवस दिसतो, जेव्हा जस्ताबरोबर नको ते भंगार वितळलं गेलं.

गाडी उलटी केली की इतरही बरंच वाचता येतं. डायचे दोन भाग जिथं मिळतात तिथं पार्टिंग लाईन उमटते. नग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांच्या गोल खुणा आतल्या बाजूला राहतात. रेघ जाड झाली, कडेला फ्लॅश (फटीतून निसटून गोठलेला धातू) वाढला, रिव्हेट पुसट झाले, की समजावं, डाय झिजत चालली आहे. आमचे मेस्त्री म्हणायचे, माणूस काहीही सांगेल, पार्टिंग लाईन खोटं बोलत नाही.

मॅचबॉक्स गाड्यांवर माझं विशेष प्रेम आहे, कारण तिथं डाय बनवणाऱ्या माणसाच्या हाताला मान होता. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी 1947 मध्ये लेस्नी कंपनी काढली आणि लंडनच्या एडमंटन भागातल्या 'रायफलमन' नावाच्या बंद पडलेल्या पबमध्ये काम सुरू केलं. डायकास्टिंगचा जाणकार जॅक ओडेल त्यांना येऊन मिळाला. 1953 मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या बग्गीची त्यांची छोटी प्रतिकृती दहा लाखांवर खपली. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई, म्हणून त्यानं तिला पितळेचा चिमुकला रोड रोलर करून दिला होता. त्यातूनच त्या वर्षी मॅचबॉक्स मालिका आली. पहिले पाच नग पाहा: रोड रोलर, डंपर, सिमेंट मिक्सर, ट्रॅक्टर आणि लंडनची लाल बस. सगळी कष्टाची वाहनं.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीच्या काही जुन्या डाय कलकत्त्याला आल्या. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा आपल्याकडे कडक बंधनं होती. तयार खेळणं दुकानात येणं अवघड, पण डाय आली की गाडी इथंच ओतता येई. तीच निकी. संग्राहकांच्या जगात तिला दुय्यम मानतात: रंग जाड, फिनिश ओबडधोबड. मला हा न्याय अपुरा वाटतो. लिव्हरपूलनं आधीच भरपूर राबवलेल्या डायवर नग काढणं नव्या डायपेक्षा कठीण असतं. प्रत्येक नगाचा वाढलेला फ्लॅश कानशीनं काढावा लागतो, दाब आणि तापमान जपावं लागतं. निकीच्या ओबडधोबड कडांत मला त्या कामगारांची मेहनत दिसते.

पुढे ब्रिटिश कंपन्या एकामागून एक कोसळल्या. बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर 1979 मध्ये बंद झाला. लेस्नी 1982 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या पाठोपाठ 1983 मध्ये कॉर्गी गाड्या काढणारी मेटॉय. साचे मात्र फिरत राहिले. मॅचबॉक्सच्या डाय बल्गेरियात गेल्या आणि तिथून चित्रविचित्र रंगांच्या गाड्या निघाल्या. मॅचबॉक्सच्या तळावर इंग्लंडच्या जागी आधी मकाव, मग चीन आणि थायलंड आलं. आपल्याकडे ब्लो प्लास्टनं मॅटेलशी भागीदारी केली आणि 'लिओ मॅटेल'च्या हॉट व्हील्स मुलांच्या हाती आल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांची ती पहिली गाडी असेल.

या भारतीय गाड्यांना संग्रहात मानाची जागा मिळायला हवी, असं मी आग्रहानं सांगतो. मूळ डिंकी शेजारी ठेवून दोन्हींचे तळ ताडून पाहा. एकाच पोलादाची दोन आयुष्यं समोर येतात. आजोबांच्या ट्रंकेत अशी गाडी सापडली तर तिला नवा रंग देऊ नका, तळ घासून चकचकीत करू नका, कारण तिचा दाखला तिथंच आहे. कुणी घेतली, कुठल्या गावात, साधारण कधी, एवढं चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. कारखान्यांच्या वह्या रद्दीत जातात, डाय शेवटी भंगारात वितळतात. आपल्या ओतकाम करणाऱ्या हातांचा इतिहास लिहायचा तर अशा गाड्या आणि अशा चिठ्ठ्याच कामी येणार आहेत.