राज्याची निकड आणि रयतेची भूमी

राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीची खरी कसोटी संकटकाळी लागते. शांततेच्या दिवसांत वृक्षांची व भूमीची महती कोणीही गाईल. परंतु युद्धाची निकड उभी राहिली असता जो आपला हात आवरतो, त्याचेच नेतृत्व प्रजेस तारते. याविषयी दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत: एक आपल्या पूर्वजांच्या भूमीतील, दुसरे आपण जेथे वाढलो त्या अमेरिकेतील.

शिवछत्रपतींच्या काळापासून स्वराज्याची सेवा केलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी 'आज्ञापत्र' हा राजनीतीपर ग्रंथ सिद्ध केला. आरमारास लाकूड हवेच, हे त्यांना मान्य होते. तथापि आंबा, फणस यांसारख्या झाडांस हात लावू नये, असा दंडक त्यांनी घातला. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या मुलांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच, तर धन्यास राजी करून व मोल देऊन ते तोडावे. जुलूम करू नये.

अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशात याच्या उलट घडले. कोमांची, कायोवा आदी मूळच्या लोकांना तेथून आधीच हुसकाविण्यात आले होते. १९१७ साली हा देश पहिल्या महायुद्धात उतरला, तेव्हा सरकारने गव्हास हमीभाव देऊन अधिकाधिक पेरणीचे आवाहन केले. माती धरून ठेवणारे गवत नांगराखाली गेले. युद्धानंतर भाव कोसळले आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांनी आणखी जमीन नांगरली. पुढे १९३० नंतरच्या दशकात अवर्षण पडताच उघडी माती उडाली. मे १९३४ मध्ये ती धूळ न्यूयॉर्क व वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाने तर भरदिवसा अंधार केला. लक्षावधी लोक देशोधडीस लागले.

मृदाशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांनी या संकटाचा इशारा पुष्कळ आधी दिला होता. अखेर २७ एप्रिल १९३५ रोजी मृदासंधारणाचा कायदा झाला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या योजनेनुसार १९४२ पर्यंत मैदानांत सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. परंतु त्याहून मोलाचे कार्य निराळेच होते. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांकडे एका कायद्याचा नमुना पाठविला व स्थानिक शेतकऱ्यांनीच चालवावयाची मृदासंधारण मंडळे स्थापण्याची शिफारस केली. पहिले मंडळ बेनेट यांच्या जन्मभूमीत, उत्तर कॅरोलिनात निघाले. आज अशी सुमारे तीन हजार मंडळे आहेत.

अमात्यांनी रयतेची संमती आवश्यक मानली. रूझवेल्ट यांनी कारभारच शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा मार्ग दाखविला. दोहोंचे मर्म एकच: भूमी राखावयाची तर ती कसणाऱ्यास विश्वासात घेतले पाहिजे. हा धडा अद्याप जुना झालेला नाही. त्याच मैदानांखालील ओगलाला जलसाठा अतिउपशामुळे आज अनेक ठिकाणी आटत चालला आहे. आपली मुले या देशाचे मतदार होणार आहेत. नेता निवडताना त्याने आज काय देऊ केले एवढेच न पाहता, उद्यासाठी काय राखले हेही त्यांनी विचारावे.