घर विकायला काढताय? शहापूर-मुरबाडच्या घरमालकांनी आधी एवढं करावं

गावाकडचं जुनं घर विकायचं ठरलं की आपण सर्वात आधी रंगाचे डबे आणतो. खरं तर आधी ट्रंकेतली फाईल काढायला हवी. रंग बघून गिऱ्हाईक थांबतं, पण व्यवहार कागदांवर होतो.

वारस : घर अजून मरहूम वालिदांच्या नावावर असेल तर वारसनोंद करून घ्या. त्यात अम्मी आणि बहिणींची नावं हवीतच. शरियतनुसार मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा मिळतो आणि मुलीला मुलाच्या निम्मा. "तिच्या लग्नात खर्च केला होता" म्हणून तिचा हक्क संपत नाही. बहीण राजीखुशीने हिस्सा सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नाहीतर खरेदीखतावर तिची सही घ्या आणि तिचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या. एक सही राहिली तरी व्यवहार अडकतो.

कागद : ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, त्याने एकट्याने मालकी सिद्ध होत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोनमोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या. घर शेतजमिनीवर असेल तर सातबारा आणि बिनशेतीचा आदेश बघा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 किंवा आदिवासी खातेदार असेल तर आधी परवानगीचं विचारा, मगच बयाणा घ्या. घरपट्टी आणि वीजबिल भरून पावत्या जोडा.

डागडुजी : आपल्याकडे पाऊस जोराचा. फुटकी कौलं बदला, पन्हाळी साफ करा, ओल कुठून येते ते शोधून बंद करा. भिंत वाळल्यावरच रंग द्या. अडगळ काढली, खिडक्या उघडल्या की तेच घर मोठं दिसतं.

पाणी : तानसा, भातसा शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला; आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर. कल्याण-मुंबईचं गिऱ्हाईक हे जाणून असतं. विहीर किंवा बोअर मे महिन्यात किती चालते, ते खरं सांगा.

शेवटचं : ऐब लपवून माल विकणं आपल्या दीनमध्ये मना आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सुद्धा सांगतं, की सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगावा. दोष सांगून भाव थोडा कमी आला तरी चालेल, नंतर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.