सीमा, सातत्य आणि चुकीची उत्तरे

वाचकहो, स्मरणिकेत गणिताचे नाव दिसताच पान उलटण्याची आपली सवय मला ठाऊक आहे. तरी थोडे थांबावे. येथे गणित कमी आणि इतिहास जास्त आहे, आणि ज्यांची मुले अकरावी-बारावीत शास्त्र शाखेला आहेत त्यांच्याशी या इतिहासाचा अगदी जवळचा संबंध आहे.

कलनाच्या पहिल्या चाचणीत एक ठरावीक प्रश्न असतो. (क्ष² − ४) ला (क्ष − २) ने भागले आहे. क्ष हा २ कडे जात असता सीमा काढा. विद्यार्थी अवयव पाडतो, वरखालचे (क्ष − २) खोडतो, उरलेल्या (क्ष + २) मध्ये २ घालतो आणि ४ लिहून मोकळा होतो. पैकीच्या पैकी गुण! एका वर्षी मी खाली एक ओळ वाढविली : क्ष बरोबर २ असताना या पदावलीची किंमत किती? पूर्ण गुण मिळविणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुन्हा ४ च लिहिले. वास्तविक तेथे शून्याला शून्याने भागावे लागते, किंमतच नाही. पेपर परत देताना एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, खोडताना ते शून्य नव्हते, मग दोन घालताना शून्य कसे झाले?" तास संपत आला होता. "नियम आहे, लिहून घे," असे सांगून मी त्याला खाली बसविले.

हाच प्रश्न १७३४ साली जॉर्ज बर्कली याने 'द अ‍ॅनालिस्ट' या पुस्तकात सर्व युरोपातील गणितज्ञांना विचारला होता. न्यूटन व लायब्निझ यांचे नवे गणित तेव्हा ग्रहांच्या कक्षेपासून तोफगोळ्याच्या वाटेपर्यंत सगळीकडे अचूक उत्तरे देत होते. बर्कली हा धर्मोपदेशक. त्याचे म्हणणे असे की, वाढ शून्य नाही असे धरून तुम्ही भागाकार करता आणि नंतर तीच वाढ शून्य म्हणून टाकून देता. हे तर्काला धरून नाही. उत्तर बरोबर येते हे त्यालाही मान्य होते. या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. मी मात्र ते अर्ध्या मिनिटात मिटवून टाकले होते!

दुसरी एक चूक पाहा. "सीमा म्हणजे काय ते आपल्या शब्दांत लिहा," असे विचारले की हमखास उत्तर येते, "ज्याच्या जवळ जाता येते पण जेथे कधीच पोचता येत नाही ती सीमा." याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. सीमा म्हणजे गावाची शीव. उर्दूत याच कल्पनेला 'हद' म्हणतात आणि तोच शब्द मराठीत 'हद्द' होऊन आला आहे. हद्द ओलांडायची नसते, हे मूल घरातूनच शिकून येते! पण नेहमी ५ हीच किंमत देणारे फलन घ्या. त्याची सीमा ५, आणि ते तर पहिल्यापासून तेथेच बसलेले आहे. या उत्तरावर मी वर्षानुवर्षे लाल रेघ मारीत आलो. पुढे वाचनात आले की, फ्रान्सच्या प्रसिद्ध विश्वकोशात १७६५ साली छापलेल्या 'सीमा' या नोंदीत दालाँबेर या थोर गणितज्ञाने नेमके हेच लिहिले आहे : राशी सीमेला कधीही गाठीत नाही.

सातत्याची गोष्ट याहून मजेची आहे. १७४८ साली ऑयलरच्या मते, जी वक्ररेषा एकाच सूत्राने सांगता येते ती सतत. त्यामुळे १/क्ष या सूत्राचा आलेख शून्यापाशी दोन तुकडे होत असूनही त्याच्या दृष्टीने सततच होता. उलट, क्ष धन असता क्ष आणि ऋण असता −क्ष, अशी दोन सूत्रांनी बनलेली रेषा कागदावर अखंड दिसली तरी सतत नव्हे. १८४४ साली कोशीने दाखवून दिले की, हीच रेषा क्ष² च्या वर्गमूळाने एका सूत्रातही लिहिता येते. म्हणजे एकच रेषा सतत आणि असतत, दोन्ही! ती व्याख्या तेथेच कोसळली.

पण मुलांच्या डोक्यातून ती गेली का? १९८१ साली डेव्हिड टॉल व श्लोमो विनर यांनी इंग्लंडमधील ४१ विद्यार्थ्यांच्या चाचणीची हकीकत प्रसिद्ध केली. सर्व जण शालान्त गणितात वरच्या श्रेणीचे. शून्य वगळून इतरत्र १/क्ष हे फलन सतत आहे काय, या प्रश्नाला ३५ जणांनी 'नाही' म्हटले, कारण चित्र तुटलेले दिसते. ते सतत आहे, कारण जेथे तुटते तेथे ते फलनच नाही. दुसरे एक फलन ऋण बाजूला शून्य आणि धन बाजूला क्ष असे होते. त्याचा आलेख अखंड. तरी १२ जणांनी ते असतत ठरविले, आणि 'एक सूत्र नाही' हे कारणही पुढे आले. ऑयलरचे नाव न घेता मुले ऑयलरचीच भाषा बोलत होती.

कोशीचेही सर्व बरोबर होते असे नाही. १८२१ च्या त्याच्या ग्रंथात सतत फलनांची अनंत बेरीज सततच असते, असा सिद्धांत आहे. १८२६ साली ऐन विशीतील आबेलने त्याला अपवाद दाखविला. प्रागच्या बोल्झानोने १८१७ सालीच सातत्याची चांगली व्याख्या दिली होती, पण ती फारशी कोणी वाचली नाही.

शेवटी ज्याने ही भाषा पक्की केली तो वायरश्ट्रास तरुणपणी सुमारे १४ वर्षे शाळामास्तर होता. गणिताबरोबर त्याला कसरत आणि सुलेखनही शिकवावे लागे. (आपल्यातील अनेकांना हे ओळखीचे वाटेल!) १८६१ च्या बर्लिनमधील त्याच्या व्याख्यानांत 'जवळ जाणे', 'पोचणे' हे शब्दच उरले नाहीत. उरली एक पैज. किंमत किती जवळ हवी ते तुम्ही सांगा. त्यासाठी क्ष किती जवळ ठेवायचा ते मी सांगतो. तुमच्या प्रत्येक मागणीला मी उत्तर देऊ शकलो तर ती सीमा. त्यात २ या बिंदूकडे पाहायचेच नाही.

म्हणजे त्या मुलाला द्यायचे उत्तर असे होते : "आपण मूळ पदावलीत २ कधीच घातला नाही. २ सोडून सगळीकडे ती (क्ष + २) शी जुळते, आणि सीमा २ कडे बघतच नाही, म्हणून दोघांची सीमा एक. (क्ष + २) हे २ पाशी सतत आहे, म्हणून तिची सीमा किंमत घालून मिळते. खोडतानाही शून्य नव्हते, नंतरही झाले नाही."

आता मी चाचणीत गणित एकच घालतो. बाकी प्रश्न दालाँबेरचे, ऑयलरचे, बर्कलीचे असतात. त्यांची नावे न सांगता. उत्तर चुकले तर गुण जातात, पण कारण लिहिले असेल तर त्याचे अर्धे गुण देतो. यावर स्टाफरूममध्ये एकमत नाही.

उभा राहून प्रश्न विचारणारा तो मुलगा पुढच्या वर्षी वाणिज्य शाखेला गेला. अर्जात कारण लिहिले होते : गणित समजत नाही.