‘पंचा’ची कुळकथा

इंग्रजी भाषेंत ‘पंच’ या नांवाचें एक मिश्र पेय आहे, आणि तें नांव आपल्या ‘पांच’ या शब्दावरून पडलें, असें पुष्कळ पुस्तकांतून लिहिलेलें आढळतें. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी व मसाला अशा पांच जिनसा त्यांत पडत म्हणून तें पंच. जसें आपलें पंचामृत, किंवा देवापुढें ठेवावयाचें पंचखाद्य. हें वाचून मराठी वाचकास थोडी गुदगुली झाल्यावांचून राहत नाहीं. अलीकडे शहरांतल्या कांहीं घरीं कॉकटेल आपल्या हातांनीं मिसळण्याची व चाखून पाहण्याची हौस वाढली आहे. त्या साऱ्या कॉकटेलांचा मूळपुरुष आपल्याच किनाऱ्यावर जन्मला आणि त्याचें बारसेंही आपल्याच भाषेंत झालें, ही कल्पना अर्थातच सुखावणारी आहे. ती कितपत खरी, एवढेंच पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. निषेधाचें काम करणारे समर्थ लोकही पुष्कळ आहेत. प्रश्न इतिहासाचा आहे, आणि इतिहासांत गोड वाटणारी गोष्ट जरा अधिकच पारखून घ्यावी लागते.

या शब्दाचा जुन्यांत जुना म्हणून जो उल्लेख दाखविला जातो, तो इ. स. १६३२ मधील आहे. रॉबर्ट ॲडम्स या इसमानें टॉमस कॉली या व्यापाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत पंच पिण्याची गोष्ट सहज येऊन जाते. शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज लिहिणारास वाटलेली नाहीं, यावरून त्यापूर्वींच तो इंग्रजांच्या वखारींतून रुळला असावा. आतां हा कॉली होता कोठें? सुरतेस नव्हे, राजापुरासही नव्हे. तो होता पूर्व किनाऱ्यावर, तेलुगु मुलखांतील पेटापोलीस. म्हणजे पहिल्याच साक्षीदारानें आपल्या कोंकणाकडे पाठ फिरविली.

पुढें इ. स. १६३८ मध्यें मांडेल्स्लो नांवाचा एक जर्मन प्रवासी सुरतेस आला. त्याच्या प्रवासवर्णनांत या पेयाचें नांव ‘पालेपुंट्झ’ असें विचित्र रूप घेऊन येतें. इंग्रज ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे पंचाचा कटोरा, असें म्हणत. परक्याच्या कानीं तें सगळें मिळून एकच नांव पडलें. या पेयांत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर पडते असें तो सांगतो. वाचकांनीं मोजून पाहावें. जिनसा चारच भरतात. ला बुलाय ल गूझ या फ्रेंच प्रवाशाचें पुस्तक १६५३ सालीं निघालें. त्याच्या यादींत साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेलें बिस्किट अशा पांच वस्तु आहेत खऱ्या, पण त्यांत पाणी नाहीं. आणि हा शब्द इंग्रजी आहे, असें तो स्पष्ट लिहितो. १६६६ च्या सुमारास बंगालची हकीकत लिहिणारा बर्निये मद्य, लिंबू, पाणी व वरून किसलेलें जायफळ एवढेंच सांगतो. पुनः चार.

मग पांचाची गोष्ट आली कोठून? ती आली जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याकडून. १६७२ च्या अखेरीस विलायतेहून निघून तो इकडे आला. मुंबई, सुरत, जुन्नर, गोवें असा हिंडला. आणि त्याचें पुस्तक १६९८ मध्यें प्रसिद्ध झालें. गोव्याजवळच्या नेरूळ गांवीं उत्तम मद्य होतें, आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज अंगांतलें बळ हरण करणारें एक पेय करतात, असें सांगून त्याचें नांव ‘हिंदुस्थानी’ भाषेंतील पांच या अर्थाच्या शब्दावरून पडलें, असें तो लिहितो. वैद्यच तो, पांच औषधींच्या योगास युरोपांतील वैद्य ‘डायापेंटे’ म्हणत, त्याचा दाखला द्यावयास तो विसरत नाहीं. आम्हांस असें वाटतें कीं, पांच औषधांच्या मात्रा मोजणाऱ्या या माणसाला नांवाचा हा उलगडा विशेष पटला असावा. पण पहिल्या पत्रानंतर तो निदान चाळीस वर्षांनीं लिहीत आहे, आणि शब्दांची कुळें लोक मागाहूनही जुळवीत असतात, हा अनुभव आपल्या गांवांच्या नांवांवरून सर्वांस आहेच.

भाषाशास्त्र्यांची शंका आणखी वेगळी आहे. सतराव्या शतकांतील इंग्रजांच्या तोंडीं या शब्दांतील स्वर ‘अ’ नसून ‘उ’ सारखा होता. उच्चार ‘पुंच’च्या जवळ जाणारा. मद्याच्या मोठ्या पिंपास इंग्रजींत ‘पंचन’ म्हणत. खलाशांनीं त्याचाच आखूड शब्द केला असेल, असें कांहींचें मत आहे. उलट पक्षीं, फ्रायरनें शब्द लिहिला आहे तो ‘पांच’ किंवा ‘पॉंच’ असा वाचतां येईल अशा अक्षरांनीं, हेंही सांगितलें पाहिजे. दोन्ही बाजू पाहतां, आपल्या पांचाचा दावा असंभाव्य नाहीं, पण सिद्धही नाहीं, असाच आमचा निर्णय होतो. ज्यांना तो सिद्ध म्हणून शाळेंतल्या मुलांस सांगावयाचा असेल, त्यांनीं तूर्त थांबावें हें बरें.

नांवाचा वाद असा अधांतरीं सोडला, तरी जिनसांची गोष्ट मात्र पक्की आहे, आणि आमच्या मतें खरा इतिहास तिच्यांतच आहे. इंग्रज खलाशी घरून निघे तो बीयर व द्राक्षांचें मद्य घेऊन. उष्ण समुद्रांत बीयर आंबे, द्राक्षांचें मद्य महाग पडे व लवकर संपे. किनाऱ्यावर उतरल्यावर जें स्वस्त व विपुल मिळे तें म्हणजे माडाच्या पोयींतून गाळलेली माडी, आणि ती भट्टींत चढवून काढलेलें मद्य. त्यास ते ‘अरक’ म्हणत. हा अरबी शब्द मुळांत घामाचा वाचक. भांड्याच्या झांकणावर घामासारखे जमणारे थेंब तो अर्क. आपल्या ओव्याचा अर्क तोच, आणि फिरंग्याचा अरकही तोच. सकाळसंध्याकाळ कमरेला कोयता लावून माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचें नांव एकाही विलायती प्रवाशानें लिहून ठेवलेलें आम्हांस आढळलें नाहीं. त्याच्याविना मात्र त्यांचा कटोरा कोरडाच राहिला असता.

हें ताजें मद्य घशास जाळणारें. त्याची धार मोडण्यासाठीं लिंबू पिळणें, साखर घालणें, पाणी मिळविणें ही युक्ति सुचावयास फार मोठी बुद्धि नको. आपल्या घरीं उन्हाळ्यांत पाहुण्यापुढें येणारें सरबत त्यांच्या डोळ्यांपुढें होतेंच. पंच करणारे इंग्रज लिंबूसाखरेच्या त्या पूर्वतयारीस पुढें ‘शर्बेट’ असेंच म्हणूं लागले. साखरेचें इंग्रजी नांव शर्करेपासून निघालें. लिंबाचें इंग्रजी नांव फारसी-अरबी ‘लीमू’कडून गेलें, आणि तो आपल्या निंबूचा नातलग. जायफळ मात्र आपलें नव्हे; तें बांदा बेटांतून येई, आणि त्यासाठीं डचांनीं तेथें किती रक्त सांडलें, तें प्रसिद्धच आहे. थोडक्यांत, सामग्री पूर्वेची, कृतीचा नमुना पूर्वेचा, आणि त्यांत मद्य ओतून कटोऱ्याभोंवतीं बसण्याची चाल त्यांची.

ती चाल स्वस्त पडली नाहीं. बर्निये म्हणतो कीं, हें पेय चवीस बरें, पण शरीराचा काळ आहे. आणि इंग्रज व डच यांनीं आपल्या खलाशांच्या पंचावर बंधन घातल्यापासून आजार व मृत्यु दोन्ही कमी झाले. मुंबई १६६८ सालीं कंपनीच्या ताब्यांत आली. १६८९ मध्यें तेथें आलेल्या ओव्हिंग्टन पाद्र्यानें, मनुष्याचें आयुष्य येथें दोन पावसाळ्यांचें, अशी तेथील गोऱ्यांत प्रचलित असलेली म्हण नोंदून ठेवली आहे. या मरणाचें सगळें खापर पंचाच्या माथीं फोडणें न्यायाचें नव्हे. भरतीचें पाणी शिरणारी खाजणें, हिंवताप आणि विहिरींचें वाईट पाणी यांचा वांटा त्यांत मोठा होता. तरी वीस वर्षांचा पोरगा कारकून घरापासून सहा महिन्यांच्या वाटेवर येऊन, तापानें फणफणत असतांनाही रात्रीं कटोऱ्याशीं बसत असेल, हें चित्र मनास चटका लावतें.

परत गेलेल्या गलबतांबरोबर पंच विलायतेस गेला. जॉन एव्हलिननें १६६२ च्या जानेवारींत हिंदुस्थानांतून आलेल्या एका जहाजावर तो मिळाल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली आहे. पुढील शंभर वर्षांत तो तेथें सुखवस्तु घरांतला रिवाजच होऊन बसला. चिनी मातीचे मोठे कटोरे, मुठीस देवमाशाचें हाड लावलेल्या रुप्याच्या पळ्या, खिशांत बाळगावयाच्या जायफळाच्या किसण्या, असा सरंजाम वाढला. या पेयाचें वैशिष्ट्य असें कीं, तें नोकरानें आंतून आणून द्यावयाचें नसे; यजमान पाहुण्यांदेखत स्वतः तें जमवी. साखरेचा खडा लिंबाच्या सालीवर घांसून सालींतलें तेल आधीं साखरेंत मुरवावयाचें, मग रस, मग मद्य, मग पाणी. आणि प्रत्येक वेळीं पळीभर चाखून पाहावयाचें. आंबट एक, गोड दोन, कडक तीन व मवाळ चार, असें एक प्रमाण प्रसिद्ध आहे. त्यांत सर्वांत मोठा वांटा पाण्याचा आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

घरगुती कृतींत आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटते ती अमेरिकन मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँक्लिन याची. १६ नव्हे, २० नव्हे, तब्बल ४४ लिंबांच्या पातळ साली सहा क्वार्ट ब्रँडींत चोवीस तास भिजत घालावयाच्या (एक क्वार्ट म्हणजे लिटरहून किंचित् कमी). गाळून त्यांत चार क्वार्ट पाणी, चार मोठीं जायफळें, दोन क्वार्ट लिंबाचा रस व दोन पौंड साखर मिळवावयाची. आणि साखर विरघळल्यावर तीन क्वार्ट कढतें दूध ओतावयाचें. आमच्या गृहिणी येथें कपाळास हात लावतील, कारण दूध तत्काळ नासतें. पण तें नासावें हाच हेतु असतो. दोन तासांनीं तें सारें कापडी पिशवींतून गाळलें म्हणजे चोथा मागें राहतो, आणि त्याबरोबर मद्याचा तुरटपणा व गढूळपणा निघून जाऊन स्वच्छ, नितळ पेय हातीं येतें. दुधांतील घट्ट होणारा अंश तुरट द्रव्यांस पकडून ठेवतो, ही त्यामागील रसायनक्रिया आज सांगतां येते. फ्रँक्लिननें १६६३ नव्हे तर १७६३ च्या ऑक्टोबरांत बोस्टनच्या जेम्स बोडिन या मित्रास ती केवळ अनुभवानें लिहून धाडली. आजही कॉकटेलचे शोकी लोक ही युक्ति मोठ्या कौतुकानें करून दाखवितात.

याच काळांत कटोऱ्यांतल्या जिनसांचें मूळ बदललें. आपल्या अरकाची जागा कॅरिबियन बेटांतील रमनें घेतली, आणि साखरही तिकडचीच येऊं लागली. दोन्ही वस्तु गुलामांच्या श्रमांच्या. १७९१ मध्यें विल्यम फॉक्स यानें ती साखर खाऊं नये असें आवाहन करणारें पत्रक काढलें, आणि इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं ती वर्ज्य केली. कित्येकांनीं तिच्याऐवजीं हिंदुस्थानची साखर धरली. दीडशें वर्षांपूर्वीं वखारवाल्यांच्या कटोऱ्यांत पडलेली पूर्वेची साखर अशी निराळ्याच कारणानें त्यांच्या टेबलावर परत आली. पंचाचा कटोरा पुढें ठेवून त्या घरांत काय बोलणीं झालीं असतील, याची कल्पना करण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकांत लोकांस घाई झाली. कटोरा संपवावयास चार माणसें व तीन तास लागतात. दुकानांत उभ्याउभ्या एक पेला संपविणाऱ्यास तो निरुपयोगी. अमेरिकेंत १८०६ सालच्या एका वृत्तपत्रांत कॉकटेलची व्याख्या आली ती मद्य, साखर, पाणी व कडू अर्क अशी, येथेंही चारच. जेरी टॉमसचें मिश्र पेयांवरील पुस्तक १८६२ मध्यें निघालें, त्यांत कॉकटेलांपेक्षां पंचांचीच भरती कितीतरी अधिक आहे. बर्फ स्वस्त झाल्यावर पाण्याचें काम बर्फच करूं लागला: मद्य, लिंबू व साखर बर्फाबरोबर खळखळून हलवावीं, वितळेल तेवढें पाणी पुरे. ‘सावर’ म्हणून जीं पेयें आज घरोघर केलीं जातात, तीं एका पेल्यापुरता आणलेला पंचच होय. चार्ल्स डिकन्सला मात्र हा बदल रुचला नसावा. १८४७ च्या जानेवारींत त्यानें एका बाईंस पंचाची कृति पत्रानें कळविली, तींत लिंबाच्या साली, साखर, रम व ब्रँडी यांस आग लावून मग उकळतें पाणी घालावयास सांगितलें आहे. आणि दोनच वर्षांनीं ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्यें कर्जांत बुडालेल्या मिकॉबरला त्यानें पंच करावयास बसविलें, तों त्याची सारी विवंचना पळाली.

आतां नेरूळकडे एकवार वळूं. फ्रायरनें वाखाणलेलें तें मद्य माडाचें. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं ब्राझिलांतून सोळाव्या शतकांत आणलें, आणि पुढें त्याच्या बोंडांची फेणी गोव्यांत इतकी लोकप्रिय झाली कीं, आज परगांवचा माणूस फेणी म्हटल्यावर काजूचीच समजतो. नव्या कॉकटेलांच्या याद्यांतून तीच दिसते, आणि २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें काजूच्याच फेणीस.