हापशाची वंशावळ : जालना, सोलापूर आणि 'इंडिया मार्क टू'

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. समजा, तुम्ही त्या परिसरातल्या गावांच्या पाण्यावर संशोधन करायचं ठरवलंत. सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण जुन्या बारवा आणि शासकीय योजनांच्या फायली शोधायला निघतात. माझं म्हणणं असं, की आधी गावातल्या हापशापाशी थांबा. त्याचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग शेजारच्याच जालन्यात घडलेला आहे.

आधी खडक समजून घ्या. मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसलाय. पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. उघडी विहीर खणायला महिने लागायचे, आणि पाऊस हुकला की तीच आधी आटायची. 1960 च्या दशकात दाबाच्या हवेवर चालणारी, कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आली आणि बोअर घेणं थोड्या दिवसांचं काम झालं. महाराष्ट्रात ही यंत्रं सुरुवातीला वापरणाऱ्यांत ख्रिस्ती मिशन आणि त्यांना मदत करणाऱ्या धर्मादाय संस्था होत्या. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळानंतर युनिसेफही या कामात उतरलं. मग महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला आणि बोअरची मागणी एकदम वाढली.

इथवरची गोष्ट अहवालांत छान दिसते : इतके बोअर, इतकी गावं, इतके लाभार्थी. अडचण बोअरच्या तोंडावर होती. त्यावर बसवलेले बिडाचे पंप परदेशी घरगुती पंपांच्या धर्तीवर बनवलेले होते. एका कुटुंबाने दिवसातून थोडा वेळ वापरायचं ते यंत्र इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसत होतं. दांड्याच्या खिळी झिजायच्या, बीड तडकायचं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली, तेव्हा दर 4 पंपांपैकी सुमारे 3 बंद आढळले. कागदावर गावाला पाणी मिळालेलं होतं. प्रत्यक्षात बाई पुन्हा जुन्या विहिरीवर, नाहीतर नदीतल्या झऱ्यावर गेलेली होती.

यावरचा तोडगा आधी जालन्यात निघाला. तिथल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनच्या कामातून बिडाऐवजी पोलादाचा पंप तयार झाला. त्याच्या दांड्याला अनेक सांध्यांऐवजी एकच टेकू होता. सांधे कमी, म्हणजे झिजायच्या जागा कमी. याला 'जालना पंप' म्हणत. पुढे सोलापूरच्या कार्यशाळेत त्यात सुधारणा झाली आणि 'सोलापूर पंप' आला. देशभरातल्या पंपांची तुलना झाली तेव्हा हाच सर्वांत टिकाऊ ठरला. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याचाच पाया घेऊन नवा पंप विकसित केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रडास या सरकारी कारखान्याने उत्पादन हाती घेतलं. किंमत 200 डॉलरच्या आत ठेवायची, पंप भारतातच बनला पाहिजे, अशा अटी होत्या. त्यातून 'इंडिया मार्क टू' जन्माला आला. त्याची रचना कुणा एकाच्या मालकीची राहिली नाही. आय. एस. 9301 हे भारतीय मानक ठरलं, त्यामुळे कोणताही कारखाना तो बनवू शकला आणि पुढे तो आफ्रिकेतही पोचला.

आता संशोधक म्हणून नावांकडे बघा. 'इंडिया मार्क टू' या नावात जालना नाही, सोलापूरही नाही. सोलापूर पंपाच्या श्रेयाबद्दल तर लेखनातच दोन सूर आहेत. कुठे स्वीडिश मिशनऱ्याचं नाव येतं, तर कुठे 'एक स्वयंशिक्षित भारतीय मेकॅनिक' एवढाच उल्लेख. मिशनरी मायदेशी पत्रं आणि अहवाल पाठवत, ते जपले गेले. मिस्त्री वेल्डिंग करत होता, त्याने अहवाल लिहिला नाही. देणगीदारांना पाठवलेले कागद वाचताना ही तफावत ध्यानात ठेवा. ते कागद खोटे असतात असं नाही, पण पैसे कुणाला कशाचा हिशोब द्यायचा यावर त्यांतला मजकूर ठरतो.

टिकाऊ पंपानेही सगळं सुटलं नाही. मार्क टू चे खालचे वॉशर बदलायचे तर पाइपांचा अख्खा संच वर ओढावा लागतो. त्याला तिवई, अवजारं, गाडी आणि चार माणसं लागतात, म्हणजे गाव तालुक्यावर अवलंबून. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने गावातल्याच लोकांना 'हँडपंप मिस्त्री' म्हणून तयार केलं. पुढच्या 'मार्क थ्री' मध्ये पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न उपसता आतला दट्ट्या वर काढता येतो. दोन्ही बदलांमागे एकच प्रश्न होता : देणारा निघून गेल्यावर दुरुस्ती कोण करणार?

आणखी दोन गोष्टी टिपायच्या राहून जातात. एक, सांडपाणी. ओट्याला नाली आणि शोषखड्डा नसेल तर हापशाभोवती डबकं साचतं, आणि ओटा तडकलेला असेल तर तेच घाण पाणी बोअरमध्ये झिरपू शकतं. दुसरी, जागा. 1927 साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या राज्यात हापसा कुठल्या आळीत बसवला हा निव्वळ भूगर्भशास्त्राचा प्रश्न असूच शकत नाही.

म्हणून नारायणगडाच्या परिसरात गेलात, किंवा 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा झाली त्या तीन तालुक्यांपैकी अंबाजोगाईत गेलात, तरी वहीत आधी हे प्रश्न लिहा. काम कधी झालं? पैसा कुणाचा? जागा कुणी ठरवली? पहिल्यांदा कधी बिघडलं, आणि किती दिवसांनी दुरुस्त झालं? दुरुस्त करणाऱ्याचं नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा फलकावरच मिळतील. उरलेल्या तीन प्रश्नांसाठी माणसांशी बोलावं लागेल, आणि त्यात ज्या बाया रोज पाणी भरतात त्यांच्याशी सगळ्यात आधी.