थांबायचे, पण कुणाच्या सांगण्यावरून?

गेल्या वर्षी आमच्या कोल्हापुरातल्या वस्तीतली एक बाई तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. गर्भाशयमुखाच्या पेशींबद्दल त्यावर 'अनिश्चित' असे लिहिले होते. "बाई, म्हंजे मला रोग हाय का न्हाई?"

अनिश्चित म्हणजे कर्करोग नव्हे. असे सौम्य बदल बहुधा आपोआप ओसरतात. थोडे टिकतात आणि वर्षांनी रोगाकडे जातात. म्हणून कधी थांबणे हाही उपचारच असतो. परंतु या देशात गरीब बाईला थांबवण्याचा इतिहास स्वच्छ नाही.

१९७६ पासून दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात, असे बदल आढळलेल्या अकराशेहून अधिक स्त्रियांवर उपचार न करता नुसती नजर ठेवली गेली. लेखी संमती नव्हती. काहींना कर्करोग झाला. १९९७ साली हे चव्हाट्यावर आले.

१९९९ साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. विषाणू-चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ पैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. तुलनेसाठी विनातपासणी ठेवलेल्या ३१,४८८ पैकी ६४. जगाला पुरावा मिळाला, तो असा.

मी तिला म्हटले, "थांब, पण तारीख लिहून घेऊन थांब. विषाणूची चाचणी करायची की दुर्बिणीतून पाहायचे, हे डॉक्टरांना विचार. कागद जपून ठेव."

नजर ठेवणाऱ्याला जे ठाऊक आहे ते तिलाही ठाऊक असेल, तरच तो उपचार. एरवी तो प्रयोग.